भातगिरणीचा फोटो

रेडिओवर बसून फोटोंविषयी बोलायचं, ही माझी आजची पंचाईत. दाखवायला काही नाही, नुसतं सांगायचं. पण ज्या फोटोविषयी बोलणार आहे, तो सांगण्यासारखा आहे. त्यात रंग नाहीत. काळा, पांढरा आणि मधले करडे, एवढंच.

साल १९८७. उरणजवळच्या एका गावातली भातगिरणी. सकाळची वेळ, दार उघडं, दारातून तिरपं ऊन आत पडलेलं. त्या उन्हात तुसाची धूळ तरंगते आहे, म्हणून ऊन एखाद्या तुळईसारखं दिसतं. मागे इंजिनाचं मोठं चाक. चाकाचा कडा स्पष्ट आहे, पण मधले आरे दिसत नाहीत. म्हणजे इंजिन चालू होतं. माझा कॅमेरा आगफा क्लिक थ्री, बडोद्यात तयार होणारा. एका रोलवर बारा फोटो. ऊन की ढग, एवढीच निवड करायची आणि खटका दाबायचा. त्याच्या संथ खटक्यात फिरते आरे पुसले गेले. चाकावरून निघालेला पट्टा दिसतो, आणि दाराच्या कडेला चौकटीत अर्धाच आलेला एक हात दिसतो. बांगड्या भरलेला, टोपलीचा काठ धरलेला.

त्या गिरणीचं इंजिन माझे अब्बा चालवत. त्याआधी ते मोगल लाइनच्या बोटींवर इंजिनखान्यात तेलवाला होते. मुंबईहून हाजींना जेद्दाला नेणाऱ्या त्या बोटी. कोकणातल्या मुसलमानांची घरंच्या घरं अशी समुद्रावर गेलेली, आणि त्यातले बरेच जण डेकवर कमी, खाली इंजिनाच्या उकाड्यात जास्त. दर्या सोडून घरी आले तेव्हा अब्बांना येत होतं ते एकच काम, इंजिनाचं ऐकणं. गिरणीवाल्याने त्यांना ठेवून घेतलं. गावात सगळे त्यांना मिस्त्री म्हणत.

दोघांनी मिळून चाक फिरवायचं, तिसऱ्या-चौथ्या फेऱ्याला इंजिन पकडायचं. बाहेर भिंतीतून आलेल्या धुराड्याच्या तोंडावर एक पत्र्याचा डबा बसवलेला असे, त्यामुळे आवाज पुक-पुक असा लांबवर जाई. शेतात काम करणाऱ्या बायांना तो आवाज म्हणजे निरोप. गिरण सुरू झाली, आता भात नेलं तर दुपारपर्यंत तांदूळ मिळेल. भात म्हणजे तूस असलेलं धान्य आणि तांदूळ म्हणजे तूस काढलेला दाणा, हा फरक शहरातल्या श्रोत्यांसाठी सांगून ठेवतो. आमच्याकडे तो जन्मतःच कळतो. निदान कळायचा.

ही इंजिनं आली कुठून? इंग्लंडात ग्रँथम नावाच्या गावी हॉर्न्सबीच्या कारखान्यात १८९२ साली हर्बर्ट ॲक्रॉइड स्ट्युअर्ट यांच्या पेटंटावरचं तेलाचं इंजिन तयार होऊ लागलं. रुडॉल्फ डिझेल यांचं इंजिन नीट चाललं १८९७मध्ये, म्हणजे त्यानंतर पाच वर्षांनी. वाफेच्या इंजिनाला बॉयलर लागतो, कोळसा लागतो, पगारी माणसं लागतात. तेलाच्या इंजिनाला एक खोली आणि एक मिस्त्री पुरतो. खेड्यात यंत्र शिरलं ते या सोयीमुळे. पुढे १९१८ साली हॉर्न्सबीचा कारखाना लिंकनच्या रस्टनमध्ये मिळाला आणि ‘रस्टन ॲण्ड हॉर्न्सबी’ हे नाव तयार झालं. मागाहून आपल्याकडेही इंजिनं होऊ लागली. किर्लोस्करांची ऑइल इंजिन कंपनी पुण्यात १९४६ साली स्थापन झाली.

पेण तालुक्यात एका गोठ्यात मला असं एक इंजिन आडवं पडलेलं सापडलं होतं. अंगावर गवताचे भारे. चाकाच्या पाटीवर ओतीव अक्षरं होती पण गंजात वाचता येत नव्हती. घरातल्या म्हातारीने मूठभर तांदळाचं पीठ आणून दिलं. ते अक्षरांवर चोळलं तेव्हा उंचवट्यांवर पांढरं बसलं आणि लिंकनचं नाव वर आलं. तांदूळ काढणाऱ्या इंजिनाचं नाव तांदळानेच वाचता आलं, याची मला त्या दिवशी भारी गंमत वाटली होती. फोटो तसाच पिठासकट काढला.

इंजिन नुसतं फिरवतं. तूस काढतो तो हलर. त्याची गोष्ट आणखी लांबची. ब्राझीलमध्ये इव्हारिस्तो एंगलबर्ग यांनी १८८५च्या सुमारास कॉफी आणि भात सडण्यासाठी तो बनवला आणि पुढे अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूज गावी त्याचा कारखाना निघाला. आत कंगोरे असलेला बिडाचा रूळ, खाली भोकांची चाळणी, कडेला एक पातं. वर नरसाळ्यासारख्या डब्यात भात ओतायचं. दाणे एकमेकांवर आणि लोखंडावर घासतात, तूस आणि कोंडा खाली पडतो, तांदूळ तोंडातून येतो. पातं जरा जास्त आत सरकलं की कणीच कणी. ते किती सरकवायचं हे अब्बा दाणे दाताखाली फोडून ठरवत. ओलसर भात असेल तर परत पाठवत. गिऱ्हाईक चिडायचं. चिडू दे, म्हणायचे, घरी जाऊन कणीची पेज खाण्यापेक्षा बरं.

त्याआधी हेच काम घिरटावर आणि उखळ-मुसळावर होई, आणि ते करत बाया. यावर देशात मोठा वाद झालेला आहे. गांधीजींनी १९३४ साली अखिल भारत ग्रामोद्योग संघ काढला, त्याच्या पहिल्या कामांत हातसडीच्या तांदळाचा पुरस्कार होता. गिरणीच्या पांढऱ्या तांदळात जीवनसत्त्व राहत नाही आणि भात सडून पोट भरणाऱ्यांचा रोजगार जातो, हे दोन्ही मुद्दे खरे होते. वर्ध्याला मगन संग्रहालय उघडलं ते ३० डिसेंबर १९३८ रोजी, गांधीजींच्याच हस्ते, आणि ग्रामोद्योगाची अवजारं तिथे आजही बघायला मिळतात. सरकारनेही १९५८मध्ये तांदूळ गिरण्यांच्या नियमनाचा कायदा केला. गिरणी घालायला परवाना लागू लागला. तो कायदा १९९७ साली रद्द झाला.

वाद माझ्या आवडीचा. हातसडीच्या बाजूने मी तरुणपणी कविताही लिहिली होती, फार गोड कविता. मग एका आगरी म्हातारीच्या परसात दगडी उखळाचा फोटो काढायला बसलो. मुसळ भिंतीला टेकवून, प्रकाश कसा पडतोय ते बघत. ती म्हणाली, “ते मुसल उचलून बघ आधी. पायलीभर सडून दाव. मंग काढ फोटू.” मी उचललं. पंधरा-वीस घावांत खांदे भरून आले. तिने बाळंतपणानंतर महिन्याभरात सडायला सुरुवात केली होती. गिरण आली तेव्हा, तिच्या शब्दांत, हात मोकले झाले. त्या दिवसापासून ती कविता मी कुठे वाचत नाही.

आता उरणकडे वळू. उरण म्हटलं की आज लोकांना कंटेनर आठवतात. पण हा भाग मिठाचा आणि भाताचा. खाडीलगतची खारी जमीन बांध घालून गोडी केलेली. बांधाला उघाडी असते. लाकडी झडप बाहेरच्या बाजूने बसवलेली. भरती चढली की पाणीच झडप दाबून बंद करतं, ओहोटी लागली की आतलं पावसाचं पाणी तिला ढकलून बाहेर पडतं. ना तेल, ना पट्टा, ना मिस्त्री. चंद्रावर चालणारं यंत्र म्हणा. माझ्या मते उरणातलं सगळ्यात देखणं शेतीचं यंत्र हेच, आणि फोटो काढायला सगळ्यात अवघड, कारण ते काम करतं तेव्हा अर्धं पाण्यात असतं. या खाऱ्या जमिनीचा अभ्यास करायला पनवेलला संशोधन केंद्र आहे, तिथे खारेपणा सोसणारे भाताचे वाण काढले गेले. पनवेल १, पनवेल २, पनवेल ३ अशी साधी नावं. वाणांच्या यादीत तरी आमच्या तालुक्याच्या शेजाराचं नाव राहिलं.

१९७० साली नवी मुंबईसाठी ९५ गावांची जमीन घ्यायचं ठरलं. ठाणे, पनवेल आणि उरण. सिडको त्याच वर्षी स्थापन झाली. मग तेल आणि वायूचा प्रकल्प आला, मग बंदर. जमिनीच्या भावासाठी शेतकरी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली उभे राहिले, आणि १६ व १७ जानेवारी १९८४ या दोन दिवशी गोळीबारात पाच जण गेले. मी तेव्हा शाळेत होतो. त्या आठवड्यात गिरण बंद होती, एवढं मला नेमकं आठवतं. पुक-पुक नाही. नुसत्या पोलिसांच्या गाड्यांचा आवाज. त्या लढ्यातून पुढे विकसित जमिनीच्या साडेबारा टक्क्यांची योजना आली. न्हावाशेव्याचं बंदर मे १९८९मध्ये सुरू झालं. माझा फोटो त्याआधी दोन वर्षांचा.

गिरण बंद पडली १९९२ साली. याचं सगळं खापर भूसंपादनावर फोडलं तर खोटं बोलल्यासारखं होईल. शेजारच्या गावात विजेच्या मोटारीवर हलर आला होता, त्याला मिस्त्री लागत नव्हता. दुकानात तयार तांदूळ मिळत होता. नोकरीवर जाणाऱ्या पोरांना भात वाळवायला वेळ नव्हता. पण खाचरंच नसतील तर भात कुठून येणार? शेवटच्या दोन हंगामांत अब्बा आठवड्यातून दोनच दिवस इंजिन चालवत, आणि तेही अर्धा दिवस. मग एक भंगारवाला आला, इंजिन तुकडे करून किलोवर घेऊन गेला. बिडाचं चाक घणाने फोडावं लागलं. अब्बा त्या दिवशी नमाजाला गेले ते रात्रीच घरी आले.

संपादनाचा निवाडा आपण कधी वाचलाय का? मी वाचलेत. १८९४च्या जुन्या कायद्याखालचे. गट नंबर, क्षेत्र, त्यावरचं आंब्याचं झाड, विहीर, घर. सगळ्याची मोजणी. पण ज्या शेतावर गिरण चालत होती ते शेत गेलं म्हणून गिरणीच्या मिस्त्रीला काय, नांगर घडवणाऱ्या सुताराला काय, फाळ शेवटणाऱ्या लोहाराला काय, याचा रकानाच नाही. त्यांची जमीन गेली नव्हती ना! २०१३च्या नव्या कायद्यात मात्र अशा कारागिरांना आणि शेतमजुरांना बाधित कुटुंबांत धरलं गेलं. आमच्याकडे तोवर मोजायला कोण उरलं होतं?

फोटोंचंही तसंच झालं. आमच्या तालुक्यात घारापुरी आहे. तिथल्या लेण्यांचे फोटो १८५०-६०च्या दशकांपासून निघताहेत. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ साली निघाली, म्हणजे जगात फार मागे नव्हतो आपण. डॉ. भाऊ दाजींचे बंधू नारायण दाजी तिच्या सुरुवातीच्या सभासदांपैकी. विल्यम जॉन्सन या फोटोग्राफरने १८६०च्या दशकात मुंबईतल्या जातीजमातींचे दोन खंड छापले. त्यात माणसांचे फोटो एकीकडे काढून मागे दुसरीकडचं दृश्य चिकटवलेलं असे. माणूस खरा, जागा बनावट. लेण्यांपुढे कॅमेऱ्याची रांग लागली, आणि समोरच्या किनाऱ्यावर चाललेल्या नांगराकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. माझ्या आजोबांच्या पिढीतला एकही शेतावरचा फोटो आमच्या गावात मी पाहिलेला नाही. लग्नाचे आहेत, पासपोर्टाचे आहेत.

लोक विचारतात, आता मोबाइलमध्ये एवढे रंग असताना हा काळ्या-पांढऱ्याचा हट्ट कशाला? सुरुवातीला हट्ट नव्हता, खिसा होता. उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’ रोल परवडायचा, रंगीत रोल आणि त्याची धुलाई परवडायची नाही. पुढे पैसे आले तेव्हा रंगीतही काढून पाहिले. तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. गंज रंगाने फार सुंदर असतो. नारिंगी, तांबूस, मधेच निळसर. बघणारा म्हणतो, वा! आणि पुढे जातो. रंग काढून टाकला की गंज नुसता खरखरीत करडा होतो, आणि मग डोळा दुसरं काही शोधू लागतो. नांगराच्या रुमण्यावर तळहाताने गुळगुळीत झालेली वीतभर जागा. हलरच्या पात्याची एकाच बाजूने झालेली झीज. दुरुस्तीला मारलेला रिबीट. वस्तू जुनी आहे हे रंग सांगतात. तिच्याकडून कुणी काय करून घेतलं, हे झिजेवरून कळतं.

जर्मनीत बर्न्ड आणि हिला बेखर या नवरा-बायकोने १९५९पासून जन्मभर हेच केलं. खाणींवरचे मनोरे, पाण्याच्या टाक्या, भट्ट्या. नेहमी कृष्णधवल, नेहमी ढगाळ दिवशी, म्हणजे सावली मधे लुडबुड करणार नाही. मी त्यांचं पुस्तक पाहिलं आणि आमचा पावसाळा एकदम कामाचा वाटू लागला. आभाळ भरलेलं, पाऊस थांबलेला, अशा तासाभरात लोखंड स्वतःच बोलतं. तरी त्यांच्या फोटोंत माणूस नाही, ही माझी तक्रार आहे. त्याउलट अमेरिकेत डोरोथिया लँग यांचा १९३८चा एक फोटो आहे, टेक्सासमधला. ट्रॅक्टरने ओढलेले तास थेट एका रिकाम्या घराच्या दारापर्यंत आलेत. माणूस त्यातही दिसत नाही, पण तो कुठे गेला हा प्रश्न सगळ्या चित्रभर पसरलाय. यंत्राने कुळांना उठवलं, तो हा फोटो. आमच्याकडे यंत्रं आणि माणसं, दोघांनाही एकदमच उठावं लागलं.

हे वेड कवींना लागतं की काय, असं कधी वाटतं. पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयाचे दिनकर केळकर हे ‘अज्ञातवासी’ नावाने कविता लिहीत. दिवे, अडकित्ते, दारं, भांडी गोळा करत गावोगाव हिंडले. त्यांच्यापुढे मी म्हणजे एक रोलवाला. वस्तू घरी आणायला माझ्याकडे घरच नाही, म्हणून फोटो. किर्लोस्करांचा लोखंडी नांगर १९०३ साली निघाला तेव्हा लोखंडाने जमीन नासते या समजुतीने शेतकरी तो घेत नव्हते, हे आपण सगळ्यांनी शाळेत वाचलंय. पण तो जड नांगर घाटावरच्या काळ्या रानाचा. आमच्या चिखलाच्या खाचरात लाकडी हलका नांगरच चाले, आणि त्याचा फोटो शाळेच्या पुस्तकात नव्हता.

निगेटिव्हची काळजी हे एक वेगळंच प्रकरण. कृष्णधवल फिल्मवर जे चित्र असतं ते बारीक चांदीच्या कणांचं. हायपोमध्ये नीट ठेवून, भरपूर पाण्यात धुतली असेल तर ती रंगीत फिल्मपेक्षा खूप जास्त टिकते. माझ्या ऐंशीच्या दशकातल्या रंगीत प्रती सगळ्या गुलाबी पडल्यात. पण खाडीची हवा चांदीलाही सोडत नाही, बुरशी येते. कुणीतरी सांगितलं, डब्यात तांदूळ घालून ठेवा, ओल शोषतो. ठेवले. पावसाळ्यानंतर डबा उघडला तर आत सोंडे. कविमित्र अजून त्यावरून चिडवतात.

गिरणीचा तो फोटो अब्बांना मी मोठा करून दिला तो गिरण गेल्यावर बऱ्याच वर्षांनी. मला वाटलं होतं, डोळ्यांत पाणी येईल. त्यांनी चष्मा लावला, खिडकीशी गेले, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, “पट्टा बघ. चाकाच्या मधे नाही, कडेला सरकलाय. हा दोन दिवसांनी उतरला होता.” मी तो फोटो शंभर वेळा पाहिला असेन. तुसाची धूळ, उन्हाची तुळई, सगळं पाहिलं होतं. पट्टा सरकलेला मला दिसला नव्हता. त्या दिवसापासून मी फोटो काढून घरी येत नाही. प्रत तयार करतो, परत जातो, ज्याने ते यंत्र चालवलं त्याच्या हातात देतो आणि तो जे बोलेल ते मागे शिसपेन्सिलीने लिहितो. भागांची नावं, डागडुजी, कुणाचं बोट गेलं, कुणी उधारी बुडवली. पेन्सिलीनेच, कारण शाई पुढे उमटते.

अब्बा आता नाहीत. गिरणीच्या जागी सिमेंटचा चौथरा आणि त्यातून वर आलेले चार बोल्ट आहेत. गिरणीवाल्याचा नातू कंटेनर यार्डात काम करतो. त्याने मागच्या वर्षी फोटोची प्रत मागितली, आणि ती बघून विचारलं, हा टोपलीवाला हात कुणाचा? मला ठाऊक नव्हतं. मी प्रत घेऊन गावात गेलो. पहिल्या बाईने भिंग न मागता सांगितलं, माझा. बांगड्या बघ, माझ्या आयेने दिलेल्या. दुसरीच्या घरी गेलो, ती म्हणाली, तो तर माझाच हात, मीच सकाळी पहिली जायची गिरणीवर. तिसरीला दिसत नाही आता. सुनेने तिला सगळं वर्णन करून सांगितलं, तशी ती म्हणाली, दाराच्या डाव्या अंगाला ना? मीच ती. फोटोच्या मागे मी तिघींची नावं लिहून ठेवली आहेत.